फाइलींच्या नावात तारीख-वेळ : एकगठ्ठा रीनेम मारताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचं अल्बम डिझाइनचं काम चालतं. नागपूरचे आणि कामठी, उमरेड, काटोलकडचे फोटोग्राफर लग्नाचा डेटा आणून टाकतात. कोणी कार्डं आणतं, कोणी पेनड्राइव्ह, कोणी आख्खी हार्ड डिस्क. लग्नसराईत दिवसातून चारदा तरी तोच फोन येतो : "भाऊ, फोटो मागेपुढे झाले, नावात वेळ टाकून देता काय?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

वाचण्याआधी एक गोष्ट. खाली फाइलींच्या नावांची उदाहरणं देवनागरी आकड्यांत छापली आहेत. तुमच्या कॉम्प्युटरवर मात्र इंग्रजी आकडेच टाका. का, ते पुढे येईलच.

फोटोच्या आत वेळ असतेच ना? मग नावात कशाला टाकायची?

असते. पण ती आत असते, आणि भांडण बाहेर होतं. कॅमेरा फाइलला जे नाव देतो त्याचा एक जुना नियम आहे : चार अक्षरं आणि चार आकडे. आकडे ०००१ ते ९९९९, पुढे पुन्हा ०००१. लग्नाला दोन फोटोग्राफर, दोघांकडे एकाच कंपनीचा कॅमेरा. मग दोघांकडेही "डीएससी_४५१२" नावाची फाइल निघू शकते. एकाची नवरीच्या मेंदीची, दुसऱ्याची पंगतीतल्या सावजी मटणाची. दोन्ही एका फोल्डरात ओतल्या की विंडोज विचारतं, जुनी फाइल बदलू का? रात्री दीड वाजता डोळे मिटत आलेला पोरगा "हो, सगळ्या बदला" दाबतो. मेंदी गेली.

नावात वेळ असली की ही टक्कर बहुतेक टळते, आणि फोल्डर नावाप्रमाणे लावला की आख्खं लग्न घडलं त्या क्रमाने समोर येतं.

तारीख कशी लिहायची? आपण तर दिवस-महिना-वर्ष लिहितो.

पत्रिकेवर तसंच लिहा. फाइलीत उलटं : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. असं :

२०२५-०८-२३_१०-४२-०७

कॉम्प्युटर नावं डावीकडून उजवीकडे ताडून पाहतो. दिवस आधी लिहिला तर "०१-१२-२०२३" ही फाइल "०२-०१-२०२२"च्या आधी बसते, कारण ०१ हे ०२ पेक्षा लहान. वर्षाकडे त्याची नजर जाईपर्यंत निकाल लागलेला असतो. वर्ष आधी लिहिण्याची ही पद्धत आमची नाही, आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हेच सांगतं.

महिना आणि दिवस कायम दोन आकडी. तास चोवीसच्या हिशोबात. सकाळ-संध्याकाळच्या "एएम-पीएम"ने घोळ होतो, त्यातही रात्रीचे आणि दुपारचे साडेबारा हमखास उलटे होतात.

वेळेत अपूर्णविरामाची दोन टिंबं का चालत नाहीत?

विंडोजमध्ये ते चिन्ह फाइलच्या नावात टाकताच येत नाही. तसंच प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, दोन्ही तिरक्या रेघा आणि दोन्ही कोनी कंस. गंमत म्हणजे फोटोच्या आतली वेळ नेमकी दोन टिंबं वापरूनच लिहिलेली असते, तारखेतसुद्धा. म्हणून साधी आडवी रेघ घ्या. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये खालची रेघ. बास.

एका फाइलला तीन-चार तारखा दिसतात. त्यातली खरी कोणती?

बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. "क्रिएटेड" ही त्या डिस्कवर ती फाइल कधी जन्मली त्याची वेळ. तुम्ही कार्डावरून लॅपटॉपवर कॉपी मारली की लॅपटॉपवरची "क्रिएटेड" म्हणजे कॉपी मारली तो क्षण. लग्न रविवारी, कॉपी मंगळवारी दुपारी, तर सगळं लग्न मंगळवारी दुपारी चार मिनिटांत उरकलं असं दिसतं. "मॉडिफाइड" म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. कॉपी मारताना विंडोज ती तशीच ठेवतं, त्यामुळे "मॉडिफाइड" ही "क्रिएटेड"च्या आधीची दिसते. फाइल जन्मण्याआधीच बदलली असं वाचून लोक घाबरतात. घाबरू नका. पण फोटोशॉपमध्ये रंग सुधारून सेव्ह केला की तीही नवी झाली.

तिसरी असते "डेट टेकन". ही एक्झिफ नावाच्या नोंदीत, फोटोच्या पोटात असते. शटर दाबलं तेव्हा कॅमेऱ्याच्या घड्याळात जे वाजले होते ते. कॉपी मारा, डिस्क बदला, ती हलत नाही. फोटोसाठी हीच घ्या. एक्झिफमध्येसुद्धा तीन तारखा असतात, त्यातली "ओरिजिनल" नावाची घ्यायची.

एक्झिफ नसलेल्या फाइलींना, म्हणजे हिशोबाच्या शीट, ऑडिओ, डिझाइनच्या फाइली वगैरेंना, "मॉडिफाइड"वर भागवावं लागतं. तिथेही एक बारकावा. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर फाइली मांडायची सहसा फॅट३२ पद्धत असते, आणि ती "मॉडिफाइड" वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदवते. पाहा एकदा, सेकंद कायम सम दिसतील.

दोन कॅमेऱ्यांचे फोटो वेळेप्रमाणे लावले तरी मागेपुढेच येतात. काहून?

काहून म्हणजे, घड्याळं जुळलेली नव्हती.

मागच्या हंगामात एक डेटा आला. गोरज मुहूर्ताचं लग्न, मंगलाष्टकं चालू, मध्ये अंतरपाट. पहिला कॅमेरा स्टेजखालून समोर, दुसरा बाजूने, मामांच्या खांद्यामागून. दोन्हींना वेळेची नावं दिली आणि एकत्र लावलं, तर नवरीने हार घातला आधी, आणि अंतरपाट धरलेला नंतर. नंतर पुन्हा हार. अक्षता तर दोनदा पडल्या. दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ साडेसात मिनिटं मागे होतं, एवढंच कारण. त्याचा हार पहिल्याच्या मंगलाष्टकांत घुसला.

एक्झिफची वेळ म्हणजे खरी वेळ नव्हे, ती कॅमेऱ्याच्या घड्याळाची वेळ. नावात आकडे टाकण्याआधी विचारायचं की हे आकडे कोणाच्या घड्याळाचे. बाकीचे सगळे प्रश्न या एका प्रश्नाची पिल्लं आहेत.

उपाय असा. दोन्ही कॅमेऱ्यांत सापडणारा एकच क्षण शोधा. अंतरपाट खाली येतो तो क्षण उत्तम, कारण तो कोणीच सोडत नाही. एखाद्या फोटोत दुसऱ्याचा फ्लॅश उडालेला दिसला तर त्याहून अचूक. दोन्ही फोटोंच्या वेळांची वजाबाकी करा, आणि तेवढा फरक एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंच्या एक्झिफमध्ये मिळवा किंवा वजा करा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये "एडिट कॅप्चर टाइम" आहे. एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनात (त्याबद्दल पुढे) सगळ्या तारखा एकदम सरकवता येतात, आणि ते जुनी फाइल शेजारी "ओरिजिनल" शेपूट लावून राखूनही ठेवतं. फरक सरकवल्यानंतरच रीनेम मारा. आधी रीनेम मारून नंतर वेळ सुधारली तर नाव एक सांगतं आणि पोट दुसरं.

पुढच्या वेळी कार्यालयात पोचल्याबरोबर सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढावा, सेकंद दिसतील असा. घड्याळ जुळवायला विसरलात तरी तो फोटो फरक सांगतो. दहा सेकंदांचं काम आहे, पण वरातीतला ढोल-ताशा सुरू झाला की कोणाला आठवत नाही, म्हणून आधीच.

फोटो बरोबर लागले, पण व्हिडिओ साडेपाच तास मागे गेले. हळद संध्याकाळी सातची, व्हिडिओ दुपारी दीडचा!

साडेपाच हा आकडा पाहिला की समजून जा. आपली भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे. एमपी४ आणि मूव्ह प्रकारच्या व्हिडिओत वेळ यूटीसीत लिहावी असा नियम आहे. मोबाइल बहुधा तो पाळतात. फोटोत मात्र स्थानिक वेळ. म्हणून एकाच फोनमधली हळद सातला फोटोत आणि दीडला व्हिडिओत.

आता गंमत अशी की बरेचसे कॅमेरे हा नियम पाळत नाहीत आणि व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात. त्यामुळे "सगळ्या व्हिडिओंत साडेपाच तास मिळवा" हे सरसकट करू नका. आधी प्रत्येक उपकरणाचा एकेक व्हिडिओ उघडून पाहा, उन्हाची तिरीप किंवा भिंतीवरचं घड्याळ ताडा, मग ठरवा. एक्झिफटूलमध्ये यासाठी "क्विकटाइम यूटीसी" नावाचा पर्याय आहे. तो लावला की यूटीसी वेळ कॉम्प्युटरच्या स्थानिक वेळेत वाचली जाते.

गुगलच्या पिक्सेल फोनच्या फोटोंचं आणखी वेगळं. त्यांच्या नावात आधीच तारीख-वेळ असते, पण ती यूटीसी. पोटात एक्झिफ आपल्या वेळेचं. नावावर भरवसा ठेवून बाकीच्यांसोबत लावले तर साडेपाच तास मागे जाणार. रीनेम मारताना पोटातली वेळ घ्या.

नवरदेवाचे भाऊ अमेरिकेहून आले होते, त्यांच्या कॅमेऱ्यात तिकडचीच वेळ होती. काय करायचं?

वरच्यासारखंच, फरक काढून सरकवा. जुन्या एक्झिफमध्ये वेळ कुठल्या देशाची हे लिहायला जागाच नव्हती. २०१६ च्या आवृत्तीत ती आली, त्यामुळे नव्या फोनमध्ये ती नोंद सापडते, जुन्या कॅमेऱ्यात नाही.

विषय निघालाच आहे तर सांगतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि नागपूर ७९ अंशांच्या जरा पुढे. म्हणजे झिरो माइलवर उभं राहिलं तर सूर्य घड्याळाच्या सुमारे चौदा मिनिटं मागे चालतो. गोरजाची वेळ पंचांगात गावागणिक वेगळी निघते ती यामुळेच. कॅमेऱ्याला मात्र याचं काही नाही. त्याला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो हेही कळत नाही, तो रात्री बारा वाजता तारीख पालटतो. म्हणून रिसेप्शनचे उशिराचे फोटो दुसऱ्या तारखेचे दिसले तर ती चूक नाही. तारखेप्रमाणे फोल्डर पाडणार असाल तर तेवढे हाताने मागे आणा.

सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडून एफ२ दाबलं तर एकच नाव आणि कंसात आकडा मिळतो, वेळ मिळत नाही. मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज मोफत आहे, त्यात पॉवररीनेम येतं. रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे खुणांनी शोधायचा, पर्याय चालू करून शोधायच्या चौकटीत नुसतं ^ हे चिन्ह टाका, म्हणजे "नावाच्या सुरुवातीला". बदलायच्या चौकटीत डॉलरचं चिन्ह आणि चार वेळा कॅपिटल वाय टाकलं की वर्ष, डॉलर आणि दोन कॅपिटल एम टाकले की महिना, असं पुढे. उजवीकडे नवी नावं आधीच दिसतात. मात्र मुळात ते "क्रिएटेड" वेळ घेतं, आणि ती का नको हे वर सांगितलंच. सेटिंग न पाहता दाबू नका.

फोटोंसाठी आमचा हात एक्झिफटूलवर बसला आहे. फिल हार्वे यांनी बनवलेलं, मोफत, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालणारं. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते, म्हणून लोक बिचकतात. पण व्हिडिओ, रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली), आयफोनचे फोटो सगळं एकाच आज्ञेत वाचणारं दुसरं मला मिळालं नाही. त्यात "टेस्टनेम" म्हणून सोय आहे : काही न बदलता फक्त काय बदलेल ते दाखवतं. आधी ती, नेहमी.

काळी खिडकी नकोच असेल तर बल्क रीनेम युटिलिटी किंवा ॲडव्हान्स्ड रीनेमर बघा. दोन्ही एक्झिफ वाचतात. धंद्यासाठी वापरणार असाल तर परवान्याच्या अटी वाचून घ्या. लिनक्सवर थुनार या फाइल मॅनेजरसोबत येणारं बल्क रीनेम साधं आणि झकास आहे, त्यात फोटो काढल्याची वेळ थेट निवडता येते. मॅकच्या फाइंडरमध्ये एकगठ्ठा रीनेममध्ये "नाव आणि तारीख" असा पर्याय दिसतो. तो फसवा आहे. ती तारीख फोटोची नसते, तुम्ही रीनेम मारता त्या दिवसाची असते.

नावात महिना ४७ आला! असं कसं?

माझ्या हातून झालेलं आहे, म्हणून मनापासून सांगतो.

महिना आणि मिनिट, दोघांचंही इंग्रजी आद्याक्षर एम. सॉफ्टवेअरवाल्यांनी एकाला कॅपिटल दिला, एकाला स्मॉल. पण कोणाला कोणता, यावर त्यांचं एकमत नाही. एक्झिफटूल आणि लिनक्सच्या आज्ञांमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिट. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (तिथली आज्ञांची खिडकी) आणि पॉवररीनेममध्ये बरोब्बर उलटं : कॅपिटल महिना, स्मॉल मिनिट. पॉवरशेलमध्ये आणखी एक खोडी, स्मॉल एच लिहिला की तास बाराच्या हिशोबात येतात. चोवीससाठी कॅपिटल.

एका पार्टीचे, म्हणजे गिऱ्हाइकाचे, अठराशे फोटो होते. मी पॉवरशेलच्या सवयीने एक्झिफटूलमध्ये कॅपिटल एम टाकला. नावं आली "२०२४-४७-१२", "२०२४-०३-१२", "२०२४-११-१२". वाईट भाग ४७ नव्हता, तो तर डोळ्यात खुपला. वाईट होते ०३ आणि ११, जे महिन्यासारखेच दिसत होते. पहिल्या पडद्यावर नेमक्या तशाच फाइली होत्या, मी बघून "झालं" म्हटलं आणि चहाला गेलो. परत आलो तोवर पोराने त्या नावांवरून निवड करून यादी पार्टीला पाठवलीही होती. यादी परत मागवली, नावं परत पाडली, शिव्या खाल्ल्या.

तेव्हापासून यादीची सुरुवात, मधलं कुठलंतरी आणि शेवट, तीन ठिकाणी नावं उघडून पाहतो, आणि मिनिटं १२ च्या वर असलेला एक फोटो मुद्दाम शोधतो.

एका सेकंदात आठ फोटो आहेत. नावं सारखी होणार ना?

होणार. वरमाला, अक्षता, फुलांची उधळण, सगळीकडे बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेले फोटो, असतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेकंदाचा अंशही नोंदलेला असतो, तो जोडता येतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला जुना आकडा शेपटीला राहू द्या :

२०२५-०८-२३_१०-४२-०७_४५१२

टक्कर टळते, क्रम राहतो, आणि पार्टीने जुन्या नावाने यादी दिली तरी फोटो सापडतो. दोन कॅमेरे असतील तर मध्ये एकेक अक्षर टाका, कोणाचा कोणता ते कळायला. मी जुनं नाव पूर्ण पुसणाऱ्यांच्या विरोधात आहे. चार आकड्यांनी काही ओझं होत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंना खरी वेळ कशी टाकायची?

नाही टाकता येत. व्हॉट्सॲप फोटो लहान करताना एक्झिफ काढून टाकतं. अँड्रॉइडवर त्याच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो व्हॉट्सॲपवर आला-गेला त्या दिवसाची, काढला त्या दिवसाची नव्हे. मावशींनी गेल्या वर्षीच्या साखरपुड्याचा फोटो आज पाठवला तर नावात आज. पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून टाका". तसं पाठवलं तर फाइल जशीच्या तशी येते, पोटातल्या वेळेसकट. मावशींना हे फोनवर समजावणं हा वेगळा विषय आहे. आम्ही सरळ पेनड्राइव्ह घेऊन घरी जातो.

जुने अल्बम स्कॅन केले. त्यावर स्कॅनची तारीख आली आहे.

स्कॅनरला काय माहीत आजोबांची मुंज कधी झाली? फोटोच्या मागे शाईने लिहिलेलं असतं ते पाहा, धुलाई केलेल्या स्टुडिओचा शिक्का पाहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जेवढं ठाऊक तेवढंच लिहा : "१९७८-०५" किंवा नुसतं "१९७८". दिवस माहीत नसताना ०१ टाकू नका. दहा वर्षांनी कोणीतरी तो खरा समजेल.

नावात मराठी चालतं का? आणि देवनागरी आकडे?

मराठी अक्षरं चालतात, युनिकोडमध्ये टाइप केलेली हवीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टच्या सवयीने टाइप केलं तर फाइलच्या नावात निव्वळ इंग्रजी कचरा दिसतो, कारण तिथे फॉन्ट बदलता येत नाही. दुसरं, लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं झाली की जागा संपली.

आकडे मात्र इंग्रजीच ठेवा. कॅमेरे, फोन आणि रीनेमची सॉफ्टवेअरं सगळी इंग्रजी आकडे लिहितात. अर्ध्या फाइली एका लिपीत, अर्ध्या दुसऱ्या, असं झालं की क्रम तुटतो आणि शोधायला टाकलेलं वर्ष अर्ध्याच ठिकाणी सापडतं. प्रेम म्हणून मराठी नावाच्या भागात दाखवा, आकड्यात नको.

नुसती तारीख-वेळ पुरे ना? प्रसंगाचं नाव कशाला?

मारबतीचे फोटो शोधून पाहा, मग सांगा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, सोबत बडगे, म्हणजे चालू विषयांवरचे पुतळे. पोळा अमावास्येचा, तारीख दरवर्षी हलते. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने मारबत गेली १५ सप्टेंबरला, २०२४ साली ३ सप्टेंबर, २०२५ साली २३ ऑगस्ट. पाच वर्षांनी कोणी वर्तमानपत्रवाला म्हणाला, "त्या साली महागाईचा बडगा कसला होता, फोटो आहे का?" तर तुम्ही कोणती तारीख शोधणार? दीक्षाभूमीचंही तेच. मूळ घटना १४ ऑक्टोबर १९५६ ची, गर्दी लोटते ती मात्र दसऱ्याला, आणि दसरा तिथीचा.

म्हणून तारीख-वेळ आधी, प्रसंग नंतर, एका शब्दात : "मारबत", "हळद", "सीमांतपूजन". तिथी लिहू नका, ती पंचांगात सापडते.

नाव बदलल्याने फोटोची क्वालिटी उतरते का?

नाही. नाव हे डब्यावरचं लेबल आहे, आतल्या चिवड्याला काही होत नाही.

रॉ फाइली आणि लाइटरूमचं काम चालू असताना बाहेरून रीनेम मारलं तर?

मारू नका, राजेहो. लाइटरूम फाइलला नावाने आणि जागेने ओळखतं. बाहेरून नाव बदललं की तिथे सगळ्यांवर उद्गारचिन्ह येतं आणि केलेलं रंगकाम लटकतं. रीनेम करायचंच तर लाइटरूमच्या आतून करा, किंवा आयात करण्याआधीच उरकून घ्या. रॉसोबत त्याच नावाची जेपेग आणि एक्सएमपीची (रंगकामाच्या नोंदींची) छोटी फाइल असते, तिघांचं नाव एकाच वेळी, एकसारखंच बदललं पाहिजे. आयफोनच्या लाइव्ह फोटोलाही व्हिडिओचा जोडीदार असतो. जोड्या फोडू नका.

कोर्टात द्यायचं सीसीटीव्ही फुटेज आहे. नावात तारीख टाकली तर चालेल?

मूळ फाइलला हात लावू नका. कॉपीवर काय ते करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या आतल्या मजकुराचा ठसा, लिहायचा असतो. नाव बदलल्याने हॅश बदलत नाही. तरीही मूळ नाव तसंच असलेलं बरं. आणि डीव्हीआरचं (फुटेज रेकॉर्ड करणाऱ्या डब्याचं) घड्याळ किती पुढे-मागे आहे ते फुटेज काढतानाच मोबाइलच्या वेळेशी ताडून कागदावर लिहून ठेवा. बाकी तुमच्या वकिलांना विचारा, मी अल्बमवाला माणूस.

ऑफिसच्या फाइलींना कोणती वेळ टाकू? आमच्याकडे "फायनल", "फायनल २", "एकदम फायनल" असं चालू आहे.

आमच्याकडेही होतं. डिझाइनच्या फाइलीवर पार्टीला पाठवली त्या दिवसाची तारीख टाका आणि "फायनल" हा शब्द बंद करा. बिलांवर बिलाची तारीख, स्कॅन केल्याची नाही. एक्सेलच्या शीट एकमेकींना जोडलेल्या असतील तर आधी पाहा, नाव बदललं की ते दुवे तुटतात. गुगल ड्राइव्हवर पाठवलेली लिंक मात्र नाव बदललं तरी चालू राहते.

मध्येच लाइट गेली आणि अर्धीच नावं बदलली. आता?

मे महिन्यात हा प्रश्न जास्त येतो. झालेली अर्धी तशीच राहू द्या, उरलेल्यांवर पुन्हा चालवा. मात्र साधनाने नाव जुन्याच्या पुढे जोडलं असेल तर आधी झालेल्या बाजूला काढा, नाहीतर त्यांना दोनदा तारीख लागेल.

सगळंच चुकलं असेल आणि खिडकी अजून उघडी असेल तर एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-झेड चालतं. खिडकी बंद केली तर भरवसा नाही. म्हणून रीनेम मारण्याआधी फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची यादी एका टेक्स्ट फाइलीत काढून ठेवा आणि जुनं-नवं नाव शेजारी शेजारी राहील असं करा. आम्ही त्याच्याही पुढे जाऊन कार्ड रिकामं करत नाही. पार्टी अल्बम घेऊन जाईपर्यंत कार्डं पोह्यांच्या रिकाम्या डब्यात पडून असतात, प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर लग्नाची तारीख. वर्ष आधी.